उन्हाळ्यातले मोजे

ये गं वैशू, अशी जवळ बैस. तू नाशकात आणि मी जामनेरात, बसणार कशी म्हणशील. पण मी लिहिताना तू समोर ओट्याला टेकून बसलीयस असंच धरणार आहे. दिवाळीला येते म्हणालीस, संक्रांतीला येते म्हणालीस. फोन करतेस तोही भाजीला फोडणी घालताना. निम्मं ऐकतेस, निम्म्याला हं हं करतेस. परवा मध्येच विचारलंस, "मावशी, आईला तरुणपणापासून कवळी कशी गं? पडली होती का कुठे?" आणि मी तोंड उघडलं तर तुझ्या कुकरची शिट्टी. अशा गोष्टी कुकरच्या शिट्टीत सांगायच्या नसतात बाई. म्हणून लिहून काढते. शुद्धलेखन तपासत बसू नकोस. माझी शाळा नववीत सुटली, पुढचं जे काय आलं ते वाचनालयातली पुस्तकं आणून आणून आलं. आणि मावशी रागानं लिहितेय असं वाटलं तर बरोबर वाटतंय तुला. मला राग आहे.

तुझी आई, म्हणजे आमची सुमी, माझ्याहून बरीच लहान. आमचं मूळ चोपड्याकडचं, पण नाना, म्हणजे माझे वडील, इथल्या बाजार समितीत मापाडी होते, म्हणून आम्ही जामनेरचे झालो. घर दोन खोल्यांचं, मागे पत्र्याचा आडोसा, आडोशाला लागून मेंदीचं झुडूप. मोसमात नाना घरी आले की त्यांच्या अंगाला कापसाचे तंतू आणि मिरचीचा खकाणा. ते दारात सदरा झटकायचे आणि आम्ही सगळ्या शिंकायचो. आई कळण्याची भाकरी थापायची. ज्वारी-उडदाची ती काळसर खरपूस भाकरी, वर लसणाची चटणी, तेल. आम्ही तोडून तोडून खायचो. सुमीची भाकरी मात्र आई खलबत्त्यात कुटायची. जेवणवेळ झाली की शेजारीपाजारी ताटांचे आवाज, आणि आमच्या घरातून ठक्क ठक्क खलबत्ता. मग ते कुटलेलं दाळीत कालवायचं आणि सुमी ते चमच्यानं खायची, एखाद्या म्हातारीसारखी. तेव्हा ती पुरती पाच वर्षांचीही नव्हती.

तिचे दुधाचे दात वेळेवर आले, छान आले. तिसरं सरलं आणि हिरड्या लाल झाल्या, सुजल्या, रक्त येऊ लागलं. मग एकेक दात हलायला लागला. इतर पोरांचे दात पडायला लागतात त्याच्या कितीतरी आधी हिचे सगळे पडून मोकळे. आणि पडायचे तेही लांब मुळासकट. दुधाच्या दाताला पडताना मूळ उरत नाही, आपोआप झिजून गेलेलं असतं, हे मला पुढे कळलं. आई तो दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायची, जसे बाकीच्यांचे फेकतात तसे. तोंडाचं बोळकं झालं तेव्हा गंमत म्हणजे हिरड्या बऱ्या झाल्या, सूज उतरली. आई म्हणाली, गेलं एकदाचं. पण सहाव्या वर्षी पक्के दात डोकवायला लागले आणि पुन्हा तेच. सूज, पू, तोंडाला असा वास की शाळेत बाईंनी तिला खिडकीपाशी एकटीला बसवलं. पोरं ओरडायची, "ए म्हातारे, दात कुठं गेले?" सुमी मागे वळून म्हणायची, "तुह्या आजीला उसने दिले, तिले पापड खायचे होते." अशी होती तुझी आई. आता गप्प असते, पण तेव्हा तिच्या जिभेला कुणी पुरं पडायचं नाही.

दुसरी गोष्ट तिच्या हातापायांची. जन्मल्यानंतर दोनेक वर्षांतच तळहात लाल झाले, मग जाड, पिवळट, खरखरीत, वर पापुद्रे. तळपाय तर विचारू नकोस. टाचेवरून ती जाड कातडी मागे वरपर्यंत चढलेली, हिवाळ्यात तिला भेगा पडून रक्त. आम्ही कोमट पाणी, खोबरेल, एरंडेल सगळं केलं. आणि इथं माझी फुई येते. आमच्यात आत्याला फुई म्हणतात. नानांची मोठी बहीण, चोपड्याला दिलेली, केळीचा बाग, दारात बैलजोडी, आणि तिचा शब्द म्हणजे आमच्या घरात कायदा. तिनं सुमीचे हात बघितले आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "हाऊ महारोग शे."

बस्स. ना कुणा डॉक्टरनं म्हटलं, ना कुणी तपासलं. फुईच्या गल्लीत एक बाई होती, बोटं झडलेली, तिला घरच्यांनी गोठ्यात ठेवली होती. फुईनं ते डोळ्यांनी पाहिलेलं. त्या भीतीचा मला राग नाही गं. भीती खरी होती. पण त्या भीतीनं तिनं काय केलं ते ऐक. तिनं आईला सांगितलं, "हात झाक वं तिना. बठ्ठा गावले दखाडशी का?" गावाला दाखवायचे नाहीत, शाळेत दाखवायचे नाहीत, आणि डॉक्टरला तर मुळीच नाही, कारण डॉक्टर सरकारला कळवणार आणि सरकारी गाडी येऊन पोर घेऊन जाणार. एकदा खरंच घरोघर अंगावरचे चट्टे बघायला सरकारी माणसं गल्लीत आली, तर आईनं सुमीला मागच्या खोलीत रिकाम्या गोण्यांच्या मागे बसवलं. ती माणसं चांगली होती, शांतपणे विचारत होती, "घरात अजून कुणी?" आई म्हणाली, "नाही." गोण्यांमागून सुमीचा खोकला आला. आईनं माझ्याकडे बघून जोरात खोकायला खुणावलं. मी नाही खोकले. ती माणसं तरी गेलीच.

आता दाताचं तर दाखवावंच लागे, पोर दुखण्यानं तळमळायची. म्हणून फुईनं युक्ती काढली. जळगावला जायचं ठरलं की आदल्या दिवशी आई मागची मेंदी ओरबाडायची, पाट्यावर वाटायची आणि सुमीच्या तळहातांवर जाडच्या जाड थापायची, बोटांच्या टोकांपर्यंत. नक्षी नाही, नुसता लेप. फुई म्हणायची, अंगात उष्णता शे, मेंदीनं थंडावा येई. औषधही झालं आणि पडदाही झाला. आणि पायांत मोजे, वर कॅनव्हासचे बूट. जळगावचा वैशाख तुला ठाऊक आहे. डांबर चपलेला चिकटतं, केळी उभ्या उभ्या करपतात, माणसं तोंडाला पंचा गुंडाळून चालतात. त्या उन्हात माझी बहीण लोकरी मोजे घालून एसटीत बसायची. "अक्का, पाय उकडताहेत," एवढंच म्हणायची. मी म्हणायचे, काढ. आई म्हणायची, खबरदार.

जळगावच्या एका दवाखान्यात डॉक्टरनं हलणारा दात धरला आणि ओढला तर मातीतून मुळा यावा तसा हातात आला. ते म्हणाले, "घासत नाही पोरगी. गोड बंद करा." दुसऱ्यांनी साखर तपासली, ती ठीक निघाली, मग कॅल्शियमची सुई. तिसऱ्यांनी आईलाच झापलं, स्वतः मिशरी लावता, पोरीलाही लावत असाल. आई घरी येऊन रडली. त्यांचंही मी काय म्हणू? त्यांनी तोंड बघितलं, कारण तोंडच दाखवलं होतं. कातडीवाल्या डॉक्टरांकडे तर नेलंच नाही कधी. हात एकीकडे, दात एकीकडे, आणि मध्ये मेंदीचा लेप.

सुमी नऊ वर्षांची झाली. पुढचे पक्के दात, खालचे-वरचे, बोटानं ढकलले तर मागेपुढे व्हायला लागले. आणि त्याच वर्षी माझं लग्न ठरलं, फुईच्या मुलाशी. आमच्याकडे यात नवल नव्हतं, आईसुद्धा नानांच्या मामाची मुलगी. मला कुणी विचारलं नाही, नववीत शाळा सोडवली आणि म्हणाले, चोपड्याला जायचंय, स्वयंपाक शीक. फुईची घाई दुपटीनं वाढली, कारण आता सुमीचं बाहेर फुटलं तर तिच्या घरालाही डाग. लग्न लागेपर्यंत हिला गावाबाहेर नेऊच नका, असंच तिनं बजावलं होतं. पण सुमीचा जबडा सुजला, ताप चढला, आणि कुणीतरी नानांना सांगितलं की धुळ्याला एक डॉक्टरबाई आल्यात, मुंबईला शिकलेल्या, लहान मुलांच्या दातांचंच बघतात. नाना, मी आणि सुमी निघालो. मला घेतलं ते सुमीला सांभाळायला. मेंदी लावलेली, मोजे घातलेले.

त्या डॉक्टरबाई नानांच्या निम्म्या वयाच्या असतील. सुमीला खुर्चीत बसवलं, "आ कर राणी," म्हणाल्या. सुमी म्हणाली, "वास येतो हं, आधीच सांगते." बाई हसल्या, "येऊ दे. माझं नाक पक्कं आहे." मग फोटो काढला दातांचा, ती काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि एकेका दातावरून बोट फिरवत गेल्या. मग नानांना जवळ बोलावलं. "हे बघा. दात हाडात रोवलेला असतो. हिच्या दातांभोवती हाडच उरलेलं नाही. नुसते हिरडीत लटकलेत. साठीच्या माणसाचं तोंड असतं असं. घासण्या-न घासण्यानं नऊ वर्षांच्या मुलीचं असं होत नाही." मग विचारलं, "हिच्या हातापायांची कातडी कशी आहे?"

वैशू, हा प्रश्न इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी तिथं भिंतीपाशी उभी होते. नाना म्हणाले, "बरी शे बाई. काही नही."

"मेंदी कसली?"

"मोठीचं जमवलंय. लग्नघर आहे."

बाईंनी मान हलवली आणि पुन्हा त्या फिल्मकडे बघायला लागल्या. झालं. प्रश्न आला, दारातून आत आला, आणि माझ्या बापानं त्याला माझं नाव सांगून परत पाठवला. माझं लग्न! मला न विचारता ठरवलेलं लग्न, आणि त्याच्या आड माझ्या बहिणीचे हात. मला पुढचं नीट आठवत नाही, म्हणजे आठवतं पण आवाज आठवत नाहीत. मी खुर्चीशी गेले, सुमीचा एक बूट ओढला, फेकला, मोजा ओढला. तो भेगांना चिकटला होता, सुमी किंचाळली, मी थांबले नाही. दुसरा ओढला. तिचे पाय वर धरले आणि नानांवर ओरडले, "बरी आहे? ही बरी आहे? सांगा ना आता, बघून सांगा!" नानांचा हात वर गेला. सगळ्यांसमोर, दवाखान्यात. डॉक्टरबाई म्हणाल्या, "भाऊ, हात खाली." आवाज चढवला नाही. नानांचा हात खाली आला.

बाईंनी सुमीचे पाय हातात घेतले. कुणीतरी परकं माणूस तिला पहिल्यांदाच असं धरत होतं, नाहीतर लोक दोन हात लांबून बघायचे. मेंदी कापसानं पुसत, खरवडत तळहात पाहिले. मग कापसाची बारीक वात केली, सुमीला डोळे मिटायला लावले. "मी हात लावते तिथं सांगायचं." सुमी सांगत गेली, "अंगठा. करंगळी. इथं. अगं बाई, गुदगुल्या करू नका ना!" टाचणीनं अलगद टोचलं तर म्हणाली, "टोचतंय की!" हात का झाकले ते बाईंनी ताडलं असावं, त्या नानांकडे वळल्या. "तुम्हाला महारोगाची भीती होती ना? त्यात चट्ट्यावर असं टोचलेलं कळत नाही. हिला सगळं कळतंय. हा महारोग नाही." नाना खाली बसले. खुर्ची होती शेजारी, तरी जमिनीवर बसले.

टाचणी. आमच्या घरात टाचण्या नव्हत्या का? फुईच्या घरात नव्हत्या? चोपड्यापासून जामनेरपर्यंत कुणाकडे एक टाचणी नव्हती? आज मी आजीच्या वयाची झाले आणि तरी माझं डोकं या एका गोष्टीवर येऊन फिरतं.

रोगाला लांबलचक नाव आहे, दोन परदेशी डॉक्टरांचं. तुझी आई ते घडाघडा म्हणते, माझी जीभ अडखळते. जाड तळहात-तळपाय आणि अकाली ढिले होणारे दात, दोन्ही मिळून एकच रोग. लाखांत एखाद्या मुलाला होणारा. बाई म्हणाल्या, मीसुद्धा शिकताना एकच मूल पाहिलंय. त्यांनी आम्हाला कातडीच्या डॉक्टरांकडे पाठवून खात्री करून घेतली आणि मग सरळ सांगितलं. हाताचं जन्मभर राहील, मलम लावून मऊ ठेवता येईल. जे दात ढिले झालेत ते सगळे आत्ताच काढावे लागतील, पुढचे आणि पहिल्या दाढा. ठेवले तर त्यांच्यातले जंतू मागून येणाऱ्या दातांनाही खातील. ते काढले, औषधाचा कोर्स केला, तोंड स्वच्छ ठेवलं, तर मागून येणारे टिकू शकतात. "शकतात" म्हणाल्या, "टिकतीलच" नाही. नानांनी विचारलं, "पुढचे नही वाचणार?" बाई म्हणाल्या, "दुधाचे दात पडत होते तेव्हा आणली असतीत तर त्यांच्यासाठीही काही करता आलं असतं." नाना म्हणाले, "नेली होती ना बाई, जळगावला." "हात दाखवले होते?" नानांच्या आधी सुमीच बोलली, "मोजे दाखवले होते."

मग त्यांनी विचारलं, आई-वडील नात्यातले का? नानांनी सांगितलं. "आणि मोठीचं कुठं जमवलंय?" "बहिणीच्या पोराला." बाई माझ्याकडे वळल्या. मग समजावून सांगितलं. यात दोष कुणाचा नाही, पण हा रोग आई आणि बाप दोघांकडून आला तरच होतो, आणि एकाच घराण्यातली माणसं एकमेकांत लग्न करतात तेव्हा तसं जुळून येण्याची भीती जास्त. पुन्हा नात्यात करू नका. दात काढले त्या दिवशी मी परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. सुमीच्या तोंडात कापूस, डोकं माझ्या मांडीवर, पाय उघडे. पारोळ्यापाशी मी नानांना म्हटलं, "मी चोपड्याला जाणार नाही."

फुई साखरपुड्याची साडी घेऊन आली ती आठवडाभरात. सुमीचं रिकामं तोंड आणि उघडे हात बघून तिला काय ते कळलंच. डॉक्टरबाईंचं सांगितलं तर म्हणाली, "एक मुंबईनी पोर तुमले अक्कल शिकाडस? आमना बापदादा मूर्ख व्हतात का?" मग माझ्याकडे वळली, "तुले बाहेर कोन करी? महारोग्यानी बहीण तू." मी म्हटलं, "फुई, टाचणी आण. आधी तिला टोच, मग तुला टोचते. बघू कुणाला कळत नाही ते." फुई माझ्या अंगावर धावली. आणि तेव्हा माझी आई, जी नणंदेसमोर कधी मान वर करून बोलली नव्हती, खलबत्त्याचा बत्ता हातात घेऊन मध्ये आली. मारायला नाही, कुटत होती ती, तशीच उठली. म्हणाली, "तुमनं ऐकी ऐकी मन्ही पोरना दात गयात." एवढंच. नानांनी साडी उचलली, फुईच्या पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "ताई, चारची गाडी आहे." त्यानंतर किती वर्षं दोन्ही घरं बोलली नाहीत ते तुला माहीतच आहे. कारण माहीत नव्हतं, ते आता कळलं.

पुढचं सगळं घासण्याचं. सकाळी, प्रत्येक जेवणानंतर, झोपताना मी सुमीचं तोंड धुवायचे, दाताच्या मागे, हिरडीच्या कडेनं, औषधाच्या पाण्यानं. आईनं मिशरीची डबी उकिरड्यावर फेकली. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, मऊ झालं की अलगद खरवडायचं, मलम लावून प्लास्टिकची पिशवी बांधायची. महिन्याला धुळं. सुमी कंटाळायची, चावायला बघायची, पण चावणार कशानं? पुढे सुळे आले, मग त्यांच्यामागचे. प्रत्येक वेळी डॉक्टरबाई चिमट्यानं धरून हलवून बघायच्या आणि मी श्वास धरून उभी राहायचे. हलला नाही. दुसराही हलला नाही. एकदोन पुढे गेले, पण बाकीचे राहिले, ते आजही आहेत तुझ्या आईच्या तोंडात. समोरचे मात्र गेले ते गेले. शाळेत असल्यापासून कवळी. फोटोत ती ओठ मिटून हसते, ते त्यामुळं.

गेल्या वर्षी फुई वारली. सुमी चोपड्याला गेली, पाया पडली, रडली. मी गेले नाही. सुमी म्हणते, अक्का, सोड आता, म्हातारी भीत होती गं. मला ठाऊक आहे ती भीत होती. आईही भीत होती, नानाही. नऊ वर्षांची सुमीही भीत होती, आणि तरी गोण्यांमागे बसली, मोजे घातले, मेंदी लावून घेतली, कारण मोठ्यांनी सांगितलं. मोठ्यांच्या भीतीचं देणं तिनं दातांनी फेडलं. ती सोडो. तिचे दात होते, सोडायचा हक्क तिचा आहे. माझ्याच्यानं होत नाही.

तुझ्या बाळाला वरचे दोन दात आलेत म्हणे. हातपाय मऊ आहेत, तू सांगितलंस, सुमीनंही सांगितलं, डॉक्टरांनीही बघितलंय. तुझे वडील परक्या घराण्यातले, तुझा नवराही, तेव्हा काळजी नाही, मला कळतं ते. पण मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय. लवकर ये, गव्हाची कापणी व्हायच्या आत ये, मग माझ्या घरात गव्हाच्या गोण्या, पाहुण्यांना जागा नसते. त्याला माझ्या मांडीवर दे आणि त्याच्या तोंडात माझं बोट जाऊ दे. चावला तर चावू दे. जोरात चावू दे.